हृदय मोठं झालंय म्हणे

१२ जून २००६

हिंगोलीहून आले. पाय खांबासारखे सुजलेले. चप्पल काढायला मदीनाबी लागली.

डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. अख्खं आयुष्य गेलं, माझं हृदय मोठं आहे असं कुणी म्हणालं नव्हतं! नवरा तर कधीच नाही. जरा बरं वाटतंय तोवर पुढचं ऐकलं — मोठं म्हणजे ढिलं. रक्त नीट ढकलत नाही. म्हणून दम लागतो, म्हणून अंगात पाणी साठतं. म्हणजे कौतुक नव्हतं.

तपासून झालं की घरी जावं ना? तर नाही. ‘आता आमच्या राहिलला भेटा.’ जिन्याखाली खोली काढलीय. दारावर इंग्रजी पाटी, स्पेलिंग चुकलेलं — क्लिनिकल फार्मासिस्ट. आत एक पोरगा, आखाडा बाळापूरचा. तिकडे दक्षिणेत मोठं शिक्षण घेऊन आलाय म्हणे. मिशी अजून नीट आलेली नाही. मला वाटलं गोळ्या देईल. त्या मेडिकलमध्ये मिळतात. मग हा काय देतो? हा विचारतो! ही गोळी कशाची माहीत आहे का, केव्हा घेता, घेतल्यावर काय होतं, विसरता का.

मला! मी सरकारी नर्स होते, बाबा. सिद्धेश्वरच्या धरणापासून इकडे सेनगावपर्यंत एकेका वाडीत गोळ्या वाटत फिरले. ‘गोळी गिळ माझ्यासमोर, तोंड उघड, जीभ दाखव’ असं बायांना सांगणारी मी. अजून सगळा गाव मला शिष्टरच म्हणतो.

‘रोज घेता ना मॅडम?’

‘रोज.’

मान डोलावली त्यानं. खोटं बोलणारी बाई मी दारातूनच ओळखायचे. याला समोर बसून ओळखता येईना. कच्चा आहे.


१३ जून

गोळी घेतली. दुपारभर मोरीच्या वाऱ्या. आज कुठं जायचं नव्हतं म्हणून बरं.


२० जून

मदीनाबी सकाळी येते, माझ्या गोळ्या माझ्या हातावर ठेवते, मग बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाते. तिला अक्षर वाचता येत नाही. पण गोळ्या सगळ्या ओळखते. ‘ही पांढरी अर्धी, ही बारकी पिवळी, ही दमाची.’ नर्स मी, पण ड्यूटीवर ती!

तिची माझी ओळख जुनी. तिची पाची बाळंतपणं मी केली. त्याची परतफेड करते असं तिला वाटतं. मी सांगितलं, सरकार पगार द्यायचं मला त्याचा. तर म्हणे, ‘पगार सरकारनं दिला, म्या काय दिलं?’

आज पिवळी गोळी मी तोंडात धरली आणि ती गेल्यावर थुंकून दिली. सेनगावला जायचं होतं. मदीनाबीनं जीभ दाखवा म्हटलं नाही. शिकवायला पाहिजे तिला.


२ जुलै

गुडघे. लाल गोळी घेतली, बरं वाटलं. दम आहेच. दमाचं काय, वय झालं.

पुण्याहून प्रमोदचा फोन. ‘आई, गोळ्या घेतेस ना?’ सगळ्या जगाला एकच प्रश्न सुचतो.


११ जुलै — हिंगोली, दवाखाना

आज बसून लिहिता येतंय.

बाजारात मदीनाबीच्या दुकानापाशी उभी होते. दुकान म्हणजे एक पोतं अंथरलेलं. एकदम श्वास संपला. विहिरीत पडल्यासारखं, आणि भोवती तर कोरडी माती! खोकले तर तोंडाला फेस. मदीनाबीनं बांगड्यांची पेटी तशीच उघडी टाकली. भरलेली जीप आडवी होऊन थांबवली, आतल्या गड्यांना अशा शिव्या घातल्या की ते आपोआप टपावर गेले. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. मला फक्त जीपचं छत आठवतं. आणि तिचा हात माझ्या पाठीवर — झोपू देईना. ‘बसा शिष्टर, बसूनच ऱ्हावा.’ बराबर केलं तिनं. आडवी पडले असते तर संपले असते. हे तिला कुणी शिकवलं? बहुतेक मीच, कधीतरी.

सुई, नाकाला नळी, लघवीला पिशवी. दोन दिवसांत पाय अर्धे झाले.

काल राहिल आला. खाटेजवळ स्टूल ओढलं.

‘मॅडम, गोळ्या बराबर चालू होत्या?’

‘व्हय.’

‘झूट!’ — मदीनाबी. पायाशी बसून भाकरी खात होती. ‘काहून झूट बोलून राहिल्या शिष्टर? मरायला टेकल्या तरी?’ मग त्याच्याकडे वळली. ‘त्या पिवळ्या गोळीचं सांगते मी. हिंगोलीला यायचं त्या दिवशी घेत न्हाईत. सेनगावला जायचं, न्हाई. बाजार, न्हाई. लगन असलं तर दोन दिस आधीपासून न्हाई. मला वाटते म्या दिलेली गिळली. मोरीत सापडते मग.’

म्हणजे तिला माहीत होतं!

राहिलनं हातातला पेन खाली ठेवला. आणि सुरू — ही गोळी चुकवली की पाणी साठतं, फुफ्फुसात जातं, शिस्त पाहिजे, इतक्या शिकलेल्या तुम्ही, वगैरे. हेच भाषण मी गावोगाव दिलेलं. फार वाईट भाषण आहे ते. ऐकायची वेळ आल्यावर कळलं.

मदीनाबीनं भाकरी बाजूला ठेवली.

‘बेटा, काहून घेत न्हाईत ते विचारलं का तू?’

‘काहून?’

‘ती घेतली का घडीघडी जावं लागते. जीपमध्ये पंधरा-वीस माणसं कोंबलेली. गडीमाणूस उतरते, रोडकडं पाठ करते, मोकळं होऊन, बिडी पेटवून परत येते. बाईमाणसानं कुठं जावं? झाड न्हाई, आडोसा न्हाई. ही तकलीफ तुझ्या पुस्तकात लिव्हली हाय का?’

पोरगा कानापर्यंत लाल झाला. मीही झाले असणार. अख्ख्या नोकरीत बायांना त्यांची पाळी, त्यांचा नवरा, काय काय भर ओसरीवर विचारलं मी! आणि स्वतःचं एवढंसं या पोराला सांगायला जीभ रेटेना.

स्टूल मदीनाबीकडे वळवलं. मग म्हणाला, ‘नाही लिहिलेली, खाला. मी विचारायला पाहिजे होतं.’

उठला, डॉक्टरांकडे गेला, परत आला. प्रवासाच्या दिवशी गोळी सकाळी घ्यायची नाही. घरी पोचल्यावर घ्यायची, फक्त दिवस मावळायच्या आत. चुकवायची मात्र नाही. बस.

बस? एवढंच? एवढ्यासाठी मी मरायला निघाले होते!


१२ जुलै

मदीनाबीनं माझी पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. लाल गोळी बघून त्याचं तोंड उतरलं.

‘ही कुणी दिली?’

‘मीच. गुडघ्याची.’

तर ही अंगात पाणी धरून ठेवते म्हणे, मूत्रपिंडालाही वाईट. पिवळी पाणी काढणार आणि लाल परत भरणार. म्हणजे एका हातानं उपसत होते, दुसऱ्या हातानं ओतत होते. दुखण्यासाठी दुसरी साधी गोळी डॉक्टरांना विचारून दिली. तिनं गुडघा थांबत नाही. पण हृदयानं त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

त्याला म्हटलं, छप्पन साली बाप मला नागपूरला नेणार होता, दीक्षेला. गोवर आला म्हणून ठेवून गेला. मग नोकरीत दसऱ्याला कधी रजा नाही — कॅम्प, टार्गेट, साथी. यंदा पन्नास वर्षं होतात. मला चालती कर.

मला वाटलं हसेल. त्यानं विचारलं, ‘दसरा कधी आहे?’


१९ जुलै — गोरेगाव

घरी. राहिलनं सांगितलंय, रोज सकाळी वजन. तीन-चार दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवण नाही, पाणी आहे. लगेच फोन करायचा.

गोरेगावात वजनकाटा कुठं? आडत दुकानात. हळदीच्या पोत्यानंतर माझा नंबर! हमालानं हात धरून चढवलं. मापाडी सवयीनं मोठ्यानं ओरडला. सगळ्या बाजारात माझं वजन झालं. घरी आले तर मागं पिवळी.

परत येताना हॉटेलवाल्यानं विचारलं, ‘शिष्टर, भाव काय लागला?’


२८ जुलै

त्यानं दिलेला कागद वाचला — मीठ जास्त असलेले पदार्थ. डबाबंद सूप. चीज. डुकराचं खारवलेलं मांस. हे मी मदीनाबीला वाचून दाखवलं. तोबा तोबा करत कानाला हात लावून बाहेर गेली.

फोन करून राहिलला म्हटलं, हे सगळं मी आजपासून सोडलं.


६ ऑगस्ट

राहिल रविवारी स्वतः आला, जीपनं. कागदाची लाज वाटली असावी. स्वयंपाकघरात बसला आणि एकेक डबा उघडायला लावला. पापड. लोणचं. खारवलेल्या मिरच्या. ठेचा. शेव. गॅस झाला की मी पाण्यात टाकते ती सोड्याची पावडर — तीसुद्धा मीठच! एकेक डबा उजवीकडून डावीकडे जात राहिला. उजवीकडे शेवटी डाळ आणि तांदूळ राहिले. विधवेचं घर दिसायला लागलं. आहेच म्हणा.

मदीनाबी म्हणाली, ‘ठेचा न्हाई म्हणजे भाकरी कशी उतरंल घशाखाली? लिंबू पिळून, मीठ न टाकता, लसूण जास्त घालून बघू का?’ राहिल म्हणाला, बघा. केला. खाल्ला. वाईट आहे. पण खाता येतो.

जाताना लोणच्याची बरणी मदीनाबी घेऊन गेली. औषध म्हणून!


२१ ऑगस्ट

खोकला. कोरडा, घशात कुसळ अडकल्यासारखा. दोन बाटल्या सिरप संपलं. राहिलशी फोनवर बोलता बोलताच खोकला आला. तो म्हणाला, ‘थांबा मॅडम. हा कधीपासून?’


२६ ऑगस्ट

खोकला गोळीचा होता! जी हृदयाला सांभाळते तीच काहींना खोकला लावते म्हणे. राहिलनं चिठ्ठी देऊन मला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, खिडकीबाहेर पाहिलं, म्हणाले, ‘मीही तोच विचार करत होतो.’ गोळी बदलली.

डॉक्टर वाईट नाहीत. बाहेर ओसरीपर्यंत पेशंट बसलेले असतात. एकेकाला विचारत बसले तर त्यांना हिंगोलीतच म्हातारपण येईल.


९ सप्टेंबर

खोकला गेला. प्रमोदनं पुण्याहून वजनकाटा पाठवला, काचेचा. आडतवाल्याला वाईट वाटलं. म्हणाला, ‘शिष्टर, आमच्या काट्यावर भरोसा न्हाई का?’

आता आळीतल्या लखमा आणि मिराबाईपण सकाळी काट्यावर चढून जातात. लखमाच्या पायाला सूज आहे. तिला म्हटलं हिंगोलीला जा, जिन्याखालच्या पोराला भेट. म्हणाली, ‘डॉक्टर न्हाई ना तो? मग चालते.’


२७ सप्टेंबर

राहिलचा रोजा. जीभ टाळूला चिकटलेली तरी प्रत्येकाला तेच — कोणती गोळी, केव्हा, काहून चुकली. आता ‘काहून’ आधी विचारतो.

नागपूरचं ठरलं. डॉक्टर नाही म्हणाले. राहिल त्यांच्याशी दार लावून बोलला. मग डॉक्टर म्हणाले, जा — पण गर्दीत चालायचं नाही, दम लागला की परत. गोळ्या कशा कधी, ते राहिलनं पाठ करून घेतलं. माझ्याकडून नाही. मदीनाबीकडून!

ती येतेय. मी म्हटलं, अगं तुझे रोजे. म्हणाली, ‘पिवळी गोळी थुंकून टाकायला मोकळ्या सोडू का तुमाला?’


५ ऑक्टोबर

जाऊन आले. हे नीट लिहायचं आहे.

गावातून टेम्पो केला होता. बायका, पोरं, निळे झेंडे, भाकऱ्यांची गाठोडी. मदीनाबी ड्रायव्हरच्या मागं बसली, पोलिसासारखी. ठरल्याप्रमाणे सकाळी गोळी घेतली नव्हती. पण अंग म्हाताऱ्या बाईचं, त्याला वेळापत्रक कुठं कळतं? वाशीम ओलांडल्यावर मी नुसती हलले. मदीनाबीनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

‘गाडी खडी कर. शिष्टरला जायचंय.’

‘मौशी, पुढं धाबा हाय, तिथं —’

‘पुढं न्हाई. हितं.’

तुरीच्या वावराशेजारी गाडी थांबली. तिनं स्वतःची चादर दोन्ही हातांनी धरून आडोसा केला. मी बसून उठले, मागं वळून पाहते तर रांग! टेम्पोतल्या सगळ्या बायका उतरल्या होत्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कॉलेजच्या पोरी. सगळ्या सकाळपासून धरून बसलेल्या. त्यांतली एकही हृदयाची पेशंट नव्हती.

मदीनाबी चादर धरून उभीच. हात भरून आले तेव्हा दुसऱ्या दोघींनी टोकं धरली. परत गाडीत चढताना एक पोरगी म्हणाली, पुढच्या वर्षीपण या, मावशी.

नागपूरला पोचल्यावर पिवळी घेतली. मदीनाबी म्हणाली, ‘जीभ दाखवा.’ दाखवली.

दसऱ्याच्या सकाळी दीक्षाभूमी. गर्दीत चालायचं नाही हे कबूल केलं होतं. चालले नाही. गर्दीच चालत होती, मी तिच्यात होते. मदीनाबीनं माझा दंड धरलेला, सुटला नाही एकदाही. स्तूप दिसला तसा बाप आठवला. तिथून आल्यावर तो माझ्या खाटेशी बसून सांगत होता — इतकी माणसं, पोरी, इतकी माणसं, आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत! मला ताप होता, मला खरं वाटलं नव्हतं. मी त्याच्यावर कित्येक दिवस रुसले होते. हात जोडले. दम लागला नाही. रडू आलं ते दमाचं नव्हतं.

संध्याकाळी मदीनाबीचा रोजा सुटायची वेळ. आमच्या बायकांनी चादरीवर तिला जागा करून दिली. कुणाजवळ खजूर होता, कुणी पाणी दिलं. ती दोन हात पसरून पुटपुटली. मी विचारलं, काय मागितलं? ‘तुमची पिवळी गोळी बंद व्हावी आणि मला झोप मिळावी.’


८ ऑक्टोबर

वजन जागच्या जागी. राहिलला सांगितलं तर फोनवर ओरडला, ‘शाब्बास शिष्टर!’ मॅडमची शिष्टर झाले. बढती.


१६ नोव्हेंबर

आज हिंगोलीला गेले तर राहिल पुस्तकं खोक्यात भरत होता.

महिनाअखेरीस खोली बंद. तिथं रक्त तपासायची मशीन बसणार.

‘काहून? काम चुकलं का?’

‘नाही शिष्टर. काम झालं.’

त्याचं हसणं मला आवडलं नाही. मग सांगितलं त्यानं. तो आल्यापासून हृदयाचे पेशंट पुन्हा पुन्हा ॲडमिट होत नाहीत. लखमा झाली नाही. मी जुलैनंतर झाले नाही. बाळापूरचे, सेनगावचे, बरेचजण. वरचा वॉर्ड रिकामा असतो.

सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले. नंबर नसताना. शिष्टर असण्याचा तेवढा फायदा.

म्हटलं, साहेब, पोरगा हुशार आहे, लोक बरे राहतात त्याच्यामुळे.

‘माहीत आहे ना. मीच आणला त्याला.’

‘मग?’

डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस थकलेला दिसला एकदम. ‘शिष्टर, तुम्हीच सांगा. लोक आजारीच पडले नाहीत तर दवाखाना चालायचा कसा? सरकारचा असता तर गोष्ट वेगळी. हा माझा आहे.’

सरकारी नोकरी केलेल्या माणसाला त्याचं उत्तर येत नाही. आम्हाला लोक आजारी पडले काय, न पडले काय, पगार पहिल्या तारखेलाच.

मदीनाबी बाहेर बाकावर होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘मंजे चांगलं काम केलं म्हणून काढलं?’

‘व्हय.’

‘मग तुमाला काहून न्हाई काढलं कधी?’

जीपमध्ये सेनगाव येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.


२६ नोव्हेंबर

राहिल निरोप घ्यायला आला. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नोकरी लागलीय. तिथं त्याच्यासारखे आणखी आहेत म्हणे, पाटीवर स्पेलिंगही बरोबर असतं.

ओसरीवर बसून मला सगळं समजावलं. रोज वजन. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघायचं. दम लागू नये म्हणून झोपताना किती उशा लागतात विचारायचं. कोणती गोळी चुकली, काहून चुकली.

‘पण गोळी बदलायची नाही, शिष्टर. वाढवायची नाही, थांबवायची नाही. विचारायचं, आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. आणि अडलं तर मला फोन.’

मी म्हटलं, ‘मला शिकवतोस?’

‘तुम्हाला नाही शिकवत. तुमची सवय माहीत आहे म्हणून सांगतो.’

आता कच्चा राहिला नाही.

मदीनाबीनं त्याला डबा दिला, ज्वारीची भाकरी आणि माझ्याच लोणच्याच्या बरणीतलं लोणचं. त्याच्या अम्मीसाठी बांगड्याही दिल्या. माप न घेता! म्हणाली, ‘पोराचं मनगट बघून आईचा हात कळते.’ तो आपलं मनगट बघत राहिला.


१० जानेवारी २००७

ओसरी सकाळी भरते. लखमा, मिराबाई, तिची जाऊ, वरच्या आळीचा एक म्हातारा ज्याला हृदयाचं काही नाही पण वजन करायला आवडतं. मदीनाबी रांग लावते. चप्पल काढा, पदर सावरा, काट्यावर उडी मारू नका, काच हाय. बांगड्या विकायला उशिरा जाते आता. गिऱ्हाईक इथंच येतं, म्हणते.

मी खुर्चीवर. पाटी नाही. पाटी लावली की दवाखाना होतो आणि मग आजारी माणसं लागतात.


२ फेब्रुवारी

मिराबाईचं वजन चार दिवसांत भस्सकन वाढलं. खड्डा अंगठ्याएवढा. विचारलं, गोळी? घेते. खरं सांग. घेते, शिष्टर, गळ्याची शपथ! मग मदीनाबी तिला बाजूला घेऊन गेली, काहीतरी कुजबुजली. परत येऊन म्हणाली, ‘सून संडासाला कुलूप लावते. म्हणते घडीघडी जाऊन पाणी संपवते म्हातारी. म्हणून गोळी बंद.’

सुनेकडे मी गेले नाही. मदीनाबी गेली. काय बोलली माहीत नाही. कुलूप निघालं. मिराबाईला त्याच दिवशी हिंगोलीला पाठवलं, सुई लागली, ॲडमिट करावं लागलं नाही.

राहिलला फोनवर सांगितलं. म्हणाला, हैदराबादेत आमच्या साहेबांना सांगतो हे. म्हटलं, मदीनाबीचं नाव सांग, माझं नको. मग वाटलं, माझंही सांगायला हरकत नव्हती.


२० फेब्रुवारी

डॉक्टरांचा निरोप आला. गोरेगावचे पेशंट ‘बरे’ असतात म्हणे, काय करता? कळवलं — काही नाही साहेब, वजन करतो.


११ मार्च

राहिल सुट्टीवर बाळापूरला येणार आहे पुढच्या महिन्यात. इथं येऊन दोन दिवस ओसरीवर बसतो म्हणाला. मी मदीनाबीला म्हटलं, आता तुझी रांग नीट लाव, साहेब तपासणीला येताहेत. ती म्हणाली, ‘येऊ द्या. त्याला बिनमिठाचा ठेचा देते.’

माझं हृदय अजून मोठंच आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं आवरलंय.


२८ मार्च

मदीनाबी गेली.

काल सकाळी ओसरीवर लखमाला काट्यावरून उतरवताना छातीवर हात ठेवून खाली बसली. जीप सेनगावला पोचली तेव्हा संपलेलं होतं. तिचा दंड मी धरला होता.

आज राहिलचा फोन. त्यानं सवयीनं विचारलं, ‘शिष्टर, खालांना कोणत्या गोळ्या चालू होत्या?’

म्हटलं, एकही नाही. तिला काट्यावर कधी कुणी चढवलंच नव्हतं. तिला पाठ होत्या त्या माझ्या.